तिरंगी ब्लॉक परवडत नव्हता तेव्हा

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून जस्ताचा एक जुना छपाईचा ब्लॉक ठेवलेला असतो. लाकडी ठोकळ्यावर बारीक चुकांनी ठोकलेला. ज्या चित्राचा तो आहे, ते मी जहांगीर आर्ट गॅलरीच्या भिंतीवर एकदाच पाहिलं. वर्तमानपत्राच्या कागदाला इंचाला ६५ ओळींची स्क्रीन लागे. छापून आलेलं चित्र आहे की ओल धरलेली भिंत, हे चित्रकारालाच विचारावं लागायचं. तिरंगी ब्लॉक परवडायचा तो मुखपृष्ठापुरता, आणि तिथे दलाल-मुळगावकरांची सत्ता. मग आत लिहिणाऱ्याने रंग शब्दांत सांगायचे. मराठी कलासमीक्षेची नजर या गरिबीने घडवली, असं मी कैक वर्षं म्हणतो आणि आमचे काही विद्वान स्नेही हसतात. त्यांच्या मते मराठीत समीक्षा नव्हतीच, होत्या त्या चित्रकारांच्या आठवणी.

असेनात का आठवणी! धुरंधरांचं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ १९४० साली निघालं. जे. जे.च्या वर्गांत विद्यार्थी म्हणून आणि मग मास्तर म्हणून वावरलेल्या माणसाने ते लिहिलंय. त्याला वगळून त्या शाळेचा इतिहास लिहून दाखवा म्हणावं.

इंग्रजीतल्या कलालेखनाची हकिगत सर्वांना पाठ आहे. १९४६ साली मुल्कराज आनंदांचं ‘मार्ग’, टाइम्समधले रुडी फॉन लायडन, ललित कला अकादमीच्या पातळ पुस्तिका. पुढे जाऊ.

माझा जीव अडकलाय तो द. ग. गोडशांत. नेपथ्य करणारा, मुखपृष्ठं काढणारा हा माणूस १९६३ साली ‘पोत’ नावाचं पुस्तक लिहितो. कापड चिमटीत धरून पाहणाऱ्याचा हा शब्द. तो त्यांनी उचलला आणि थेट कलाविचाराच्या गादीवर बसवला. ‘शक्ति सौष्ठव’, ‘गतिमानी’, ‘लोकधाटी’ ही पुढच्या पुस्तकांची नावंच पाहा. एकही उसनं नाही. आणि प्रभाकर बरवे! विणकर सेवा केंद्रात वर्षानुवर्षं नोकरी केली, कॅनव्हासवर इनॅमल रंग वापरले, आणि १९९० साली मौजेकडून ‘कोरा कॅनव्हास’ आलं. वस्तू, तिचा आकार, तिच्याभोवतीची मोकळी जागा याविषयी ते इतकं सावकाश बोलतात की पुस्तक मिटल्यावर मला समोरची कपबशीसुद्धा नीट बघावीशी वाटली. अवघड शब्दांची रास घालणाऱ्यांना हे ‘सैद्धांतिक’ वाटत नाही. न वाटो.

२०१३ साली दोन गोष्टी घडल्या. बहुळकर आणि घारे यांनी संपादलेला दृश्यकलेचा चरित्रकोश आला आणि मुंबईतल्या क्रिस्टीजच्या लिलावात गायतोंड्यांचं एक चित्र २३ कोटींच्या वर गेलं. चर्चा कशाची झाली, हे सांगायला नको. सतीश नाईकांचं ‘चिन्ह’ त्याआधीपासून गायतोंड्यांवर लेख मिळवून छापत होतं. तेव्हा ते अंक विकत घेणारे किती होते, हेही जाऊ द्या.

आता कॅटलॉग विटेएवढे जाड असतात. छपाई अशी की रंगाचा फटकारा बोटाला लागेल. चित्राची लांबी-रुंदी, सही कुठल्या कोपऱ्यात, ते कुणाकडून कुणाकडे गेलं, सगळं चोख. कलेतिहासाला हे हवंच होतं, आमच्या पिढीने त्यात आळस केला. पण चित्राकडे बघून लिहिलेलं वाक्य शोधावं लागतं. मध्यंतरी एका विक्रीदालनाने माझ्याकडून लेख मागवला. ‘या चित्राचा डावा भाग चित्रकाराने घाईत उरकलाय’ असं मी लिहिलं होतं. छापील प्रतीत ते वाक्य नव्हतं. विचारलं तर तिथली मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, “सर, तो लॉट आहे ना.”

परवा माळ्यावरच्या पेटीत त्या ब्लॉकसोबत छापलेल्या माझ्या लेखाचं कात्रण सापडलं. चित्र अर्थात काळं. खाली मी लिहिलंय, ‘भिजलेल्या गोणपाटाचा तपकिरी, आणि त्याच्या कडेने’. तिथेच मजकूर तुटतो. पुढच्या ओळी कापून साड्यांच्या दुकानाची जाहिरात बसवली होती. कडेने कुठला रंग होता, ते आता मलाही आठवत नाही.