आलेल्या पाण्याला जाण्याची वाट ठेवा



गटसभेला गेलं की एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, बेणं तेच आहे, खताचा डोस उलट वाढवलाय, पाण्याला तर कधी कमी पडू दिलं नाही. मग पूर्वी पन्नास-साठ टन देणारं रान आता तिसावरच का अडकलंय?" विचारणारा सभासद कष्टाला कमी नसतो. पण उत्तर बहुतेक वेळा त्याच्याच बोलण्यात असतं : पाण्याला कधी कमी पडू दिलं नाही. पाणी कमी पडल्यानं पीक जातं, एका हंगामाचं नुकसान होतं. पाणी जास्त झाल्यानं मात्र जमीनच जाते, आणि ते नुकसान पुढच्या पिढीला भोगावं लागतं. ते कसं होतं आणि त्यावर काय करता येईल, हे या लेखात सोप्या शब्दांत मांडायचं आहे.

दुष्काळासाठी आलेलं पाणी

सह्याद्रीच्या माथ्यावर पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत तो पाचशेच्या आसपास येतो. म्हणजे पाऊस घाटात आणि जमीन पर्जन्यछायेत. घाटातलं पाणी अडवून कोरड्या मुलखात आणायचं, हाच आपल्या कालव्यांचा मूळ विचार. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर या कामांना जोर आला. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ साली आणि नीरेच्या खोऱ्यातलं भाटघरचं नवं धरण १९२८ साली पुरं झालं.

हे पाणी आलं ते ज्वारी-बाजरी वाचवण्यासाठी. दुष्काळात सगळ्यांना थोडं थोडं मिळावं, असा हेतू होता. पण पाऊस बरा झाला की शेतकरी पाणी मागत नसे आणि कालवा तोट्यात जाई. पुढे ऊस आला आणि बारमाही पाण्याला गिऱ्हाईक मिळालं. विश्वेश्वरय्यांनी ब्लॉकची पद्धत सुचवली ती याच काळात. ब्लॉकच्या काही भागातच ऊस लावायचा, बाकीच्यात हलकी पिकं घ्यायची आणि दरवर्षी जागा बदलायची. पाण्याची हमी मिळावी आणि एकाच रानावर सतत पाणी साचू नये, अशा दोन्ही गोष्टी तीत होत्या. आपण हमी तेवढी उचलली आणि फेरपालट सोडून दिली, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. १९१० साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली. कालवा येऊन अवघी पंचवीस वर्षं झाली होती! १९१६ साली मुंबई इलाख्यात सिंचनाच्या अभ्यासासाठी खास विभाग निघाला. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था ही त्यातूनच वाढलेली. १९३२ साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झालं आणि कालव्याखालच्या जमिनींची प्रतवारी तिथे झाली. तेव्हा हे दुखणं नवं नाही. आपल्या आजोबांच्या वेळेपासून ते माहीत आहे.

मीठ येतं कुठून?

पुष्कळांना वाटतं की रासायनिक खतामुळंच जमीन खारवते. खताचा अतिरेक वाईटच, पण मुख्य कारण वेगळं आहे. पाटाचं असो की विहिरीचं, प्रत्येक पाण्यात थोडे क्षार असतात. साधा हिशोब करू. एक एकर रानात एक सेंटिमीटर उंचीचं पाणी म्हणजे सुमारे ४० हजार लिटर. आठ सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे सव्वातीन लाख लिटर. विहिरीच्या पाण्यात लिटरमागे एक ग्रॅम क्षार असतील, आणि लाभक्षेत्रातल्या कितीतरी विहिरींत तेवढे असतात, तर एका पाळीत सव्वातीनशे किलो क्षार रानात आले. वीस पाळ्यांत साडेसहा टन! पाटाचं पाणी पुष्कळ गोडं. लिटरला दोन दशांश ग्रॅम धरले तरी वीस पाळ्यांना सव्वा टनाच्या वर जातं.

ऊस पाणी पितो, पण हे क्षार बहुतेक मागेच सोडतो. उन्हानंही पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. कोकणात पाऊस इतका पडतो की क्षार धुऊन समुद्राला जातात. आपल्याकडचा पाऊस त्या कामाला पुरत नाही. म्हणून कोरड्या मुलखात पाणी आणणाऱ्यानं ते बाहेर कसं जाईल याचाही विचार केलाच पाहिजे.

खालचं पाणी वर चढतं

आपली काळी जमीन चिकणमातीची. तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कातळ. जादा पाणी मातीतून हळूहळू मुरमात उतरतं आणि मुरमाच्या थरातून उताराकडे चालू लागतं. वरच्या अंगाच्या रानात, पाटात, पोटचारीत मुरलेलं पाणी ओढ्याकाठच्या सखल रानात येऊन साठतं. म्हणून पुष्कळदा जमीन एकाची बिघडते आणि पाणी दुसऱ्याचं असतं. बांधावरून होणाऱ्या निम्म्या भांडणांचं मूळ इथे आहे.

भूजलाची पातळी चार-पाच फुटांच्या आत आली की कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढावं तसं पाणी मातीतून वर चढतं. वर येऊन ते उडतं आणि मीठ तेवढं राहतं. मग सरीच्या वरंब्यावर पांढरी पापडी दिसते, "मीठ फुटलं" म्हणतात ते हेच. ही खारवट जमीन. पुढे सोडियम वाढला की मातीचे कण फुगून सुटे होतात. जमीन ओली असताना लोण्यासारखी, वाळली की दगडासारखी होते. पाणी वर तळं करून राहतं, खाली जात नाही. ही चोपण जमीन. खारवट जमीन निचऱ्यानं आणि गोड्या पाण्यानं सुधारते, चोपणीला जास्त खर्च आणि वेळ लागतो.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. पाणी आणि हवा दोन्ही मातीत योग्य असणं म्हणजे वाफसा. आपण उसाला पाणी देतो खरं, पण ऊस जगतो तो वाफशावर. वाफसा न येताच दुसरी पाळी दिली की मुळ्या कुजतात, पानं पिवळी पडतात, कांड्या आखूड राहतात आणि खोडवा फुटत नाही. शेतकऱ्याला वाटतं, ऊस पिवळा पडला म्हणजे पाणी कमी पडलं. मग तो आणखी दारं धरतो!

शेवटच्या शेतकऱ्याचं काय?

जादा पाण्याचा दुसरा तोटा चारीच्या शेवटच्या टोकाला दिसतो. प्रवाही पद्धतीनं उसाला हंगामात तीन मीटर पाणी दिलं, तर एकरी एक कोटी वीस लाख लिटर होतात. शेतावर प्रत्यक्ष पोचलेलं एक टीएमसी पाणी त्या हिशोबानं सुमारे २,३०० एकरांना पुरतं. वाटेत पाटात आणि चारीत जे मुरतं ते वेगळंच. भंडारदऱ्यासारख्या धरणाची सगळी साठवणच ११ टीएमसीच्या आसपास आहे, आणि त्यातून पिण्याचं पाणी व इतर पिकंही भागवायची असतात. वरच्या अंगाला एक पाळी जादा गेली की टेलच्या सभासदाचं आवर्तन कोरडं जातं. म्हणजे एकाच जादा पाण्यानं मधला बुडतो आणि शेवटचा होरपळतो. दोघेही आपल्याच कारखान्याचे सभासद!

करायचं काय?

१) आधी पाहणी करा. रानाच्या सखल भागात पाच फूट खोल खड्डा घ्या आणि दुसऱ्या दिवशी पाणी कितीवर उभं राहिलं ते बघा. उन्हाळ्यातही ते चार फुटांच्या आत असेल तर धोक्याची घंटा वाजली म्हणून समजा.

२) माती आणि विहिरीचं पाणी दोन्ही तपासून घ्या. मातीच्या संपृक्त अर्काची क्षारता १.७ डेसिसायमनच्या वर गेली की उसाचं उत्पन्न घटू लागतं. सहापर्यंत गेली की पाव उत्पन्न गेलंच. चारच्या वरची जमीन खारवट समजतात. सामू ८.५ च्या वर असेल तर चोपणीचा संशय धरावा.

३) निचऱ्याचा चर काढा. तो मुरमाला लागला पाहिजे. नुसत्या काळ्या मातीत काढलेला उथळ चर पावसाचं वरचं पाणी नेतो, खालची पातळी उतरवत नाही. जागा जाऊ नये म्हणून आता जमिनीखालून सच्छिद्र नळ्या टाकता येतात. शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन अशा नळ्यांनी पडीक पडलेली रानं पुन्हा उसाखाली आणली आहेत.

४) जिप्सम टाकायचं ते चोपण जमिनीत, तपासणीच्या शिफारशीनं आणि निचरा झाल्यावरच. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला मातीपासून सोडवतो, पण सुटलेला सोडियम धुऊन जायला वाट नसेल तर पैसे मातीत गेले. पाठोपाठ ताग किंवा धैंचा गाडावा. पाचट पेटवू नये, सरीत पसरावं. त्यानं ओल टिकते आणि मीठ वर चढायचं कमी होतं.

५) पाणी मोजून द्या. एक क्युसेकचा प्रवाह तासाला सुमारे एक लाख लिटर पाणी देतो. म्हणजे आठ सेंटिमीटरच्या पाळीला एकरी सव्वातीन तास पुरेत. मोटारीला ऑटो लावून किंवा रात्री दारं मोडून घरी जाऊन झोपलं, तर पाळी आठाची सोळा कधी झाली ते कळतही नाही.

६) ठिबक जमत असेल तर जरूर करा. पाण्यात तीस ते पन्नास टक्के बचत होते. मात्र ठिबकमध्ये क्षार ओल्याच्या कडेला साठतात. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर पावसाळ्यात ते धुऊन जातात का, हे पाहिलंच पाहिजे. निचऱ्याची गरज ठिबकनं संपत नाही.

हे काम एकट्याचं नाही

चर एकट्यानं काढला तर तो शेजाऱ्याच्या बांधाशी येऊन थांबतो. मग पाणी त्याच्या रानात, आणि प्रकरण तहसीलला. चर ओढ्यापर्यंत गेला पाहिजे आणि ओढाही वाहता पाहिजे. आज कितीतरी ओढे बाभळींनी भरलेत, काही ठिकाणी तर नांगरून रानात घेतलेत. त्या ओढ्याची बुजलेली दोन फूट जागा सगळ्या शिवाराला महाग पडते.

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, एका फडात एकच पीक आणि पाणी द्यायला गावानं नेमलेला माणूस. पाट काढतानाच जादा पाणी नदीला परत जायची सोयही त्या लोकांनी करून ठेवली होती. सामू आणि क्षारता हे शब्द त्यांना ठाऊक नव्हते, पण पाण्याला येण्याइतकीच जाण्याची वाट लागते हे त्यांना पक्कं कळलं होतं.

आपण ऊस गाळायला एकत्र आलो, तेव्हा एकट्याच्या गुऱ्हाळानं जे जमत नव्हतं ते जमलं. निचऱ्याचंही तसंच आहे. एका ओढ्याला लागणाऱ्या सगळ्या सभासदांनी उन्हाळ्यात एकदा बसावं, शिवारफेरी करावी, मुख्य चराची रेघ ठरवावी आणि मग आपापले चर त्याला जोडावेत. खर्चाची वाटणी क्षेत्रावर करावी. वरच्या अंगाच्या सभासदानं, "माझं रान तर चांगलं आहे," म्हणून अंग काढू नये. खालच्या रानात साठलंय ते पाणी बरंचसं त्याचंच आहे.

येत्या लागणीआधी प्रत्येकानं निदान तो पाच फुटी खड्डा तरी घेऊन पाहावा आणि काय दिसलं ते पुढच्या गटसभेत सांगावं, ही आग्रहाची विनंती.