साडीतील पॉप : उषा उथुप आणि भाषांतराविना रूपांतर

तौलनिक साहित्याभ्यासात रूपांतराचा विचार बहुधा संहितेच्या अंगाने केला जातो. संहितेतील एकही शब्द न बदलता केवळ सादरीकरणातून रूपांतर घडू शकते काय, या प्रश्नाच्या संदर्भात उषा उथुप यांची कारकीर्द लक्षणीय ठरते.

मुंबईत १९४७ साली तमिळ कुटुंबात जन्मलेल्या उथुप यांनी १९६९ मध्ये मद्रास येथे (आजचे चेन्नई) माउंट रोडवरील सफायर चित्रपटगृहाच्या तळघरातील ‘नाइन जेम्स’ या नाइटक्लबमध्ये गायनास प्रारंभ केला. गीते इंग्रजी होती. गायिका मात्र साडी नेसून उभी होती. या नगरात गायिकेची साडी म्हणजे कर्नाटक संगीताच्या कचेरीची खूण. तीच खूण नाइटक्लबमध्ये येताच दोन्ही संकेतव्यवस्था एकमेकींवर प्रकाश टाकू लागल्या. गीत परकेच राहिले, पण गाणारी व्यक्ती परकी उरली नाही. म्हणून या गायनास निव्वळ अनुकरण म्हणता येत नाही.

मात्र या स्वीकारालाही मर्यादा होती. पुढे कलकत्त्याच्या ‘ट्रिंकाज’मध्ये त्यांना कीर्ती लाभली, ‘हरे रामा हरे कृष्णा’ने (१९७१) हिंदी चित्रपटाचे दार उघडले, तथापि नायिकेसाठी उंच, कोवळा स्वर प्रमाण मानणाऱ्या पार्श्वगायनात त्यांचा खर्जाकडे झुकणारा आवाज अपवादच राहिला. ‘सात खून माफ’मधील (२०११) ‘डार्लिंग’ या रशियन लोकधुनेवर बेतलेल्या गीतासाठी त्यांना रेखा भारद्वाज यांच्यासमवेत फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, आणि २०२४ मध्ये पद्मभूषण. वेशाला मान्यता लवकर मिळाली. स्वराला मात्र दीर्घकाळ थांबावे लागले.