सभागृहातील ध्वनियोजना : ॲम्प्लिफायर व स्पीकर यांची जुळणी

२०१३ च्या भूमिसंपादन कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचनेवर हरकत घेण्यासाठी साठ दिवसांची मुदत असते. ही माहिती एखाद्या गावच्या सभेत ध्वनियोजनेवरून सांगितली गेली आणि मागच्या रांगेतील शेतकऱ्याने ‘साठ’ऐवजी ‘सात’ असे ऐकले, तर आठव्या दिवशी तो आपला हक्क संपला असे समजून गप्प बसेल. या दोन शब्दांतील सारा भेद अखेरच्या व्यंजनात आहे. स्वराच्या शेवटी जीभ दातांकडे वळते की मूर्ध्याकडे, याची खूण सेकंदाच्या काही शतांश भागांपुरतीच टिकते आणि ती बहुतांशी १००० हर्ट्झच्या वरच्या कंप्रतांत असते. बोलण्यातील बहुतेक शक्ती स्वरांत असते, पण शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे. ध्वनियोजनेची परीक्षा म्हणूनच आवाजाच्या मोठेपणावर न करता व्यंजनांच्या स्पष्टतेवर केली पाहिजे.

कोरपना तालुक्यात हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. तेलंगणाच्या सीमेलगतचा हा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. येथे मराठीबरोबर गोंडी, कोलामी व तेलुगू या भाषा बोलल्या जातात, आणि चुनखडीच्या खाणी व सिमेंटचे कारखाने यांमुळे जमिनीचा विषय सभांतून वारंवार निघतो. कोलामीच्या मूळ शब्दांत अल्पप्राण व महाप्राण हा भेद अर्थभेदक नाही. शिवाय दुसऱ्या भाषेतील बोलणे ऐकताना, गोंगाट व निनाद यांचा अडथळा मातृभाषेच्या श्रोत्यापेक्षा अधिक होतो. मराठी भाषिकाला अंदाजाने भरून काढता येणारी उणीव कोलाम श्रोत्याला भरून काढता येईलच असे नाही.

प्रथम परिभाषेविषयी. ‘ध्वनिक्षेपक’ हा शब्द आपल्याकडे कधी मायक्रोफोनसाठी तर कधी कर्ण्यासाठी योजला जातो. म्हणून या लेखात ॲम्प्लिफायर व स्पीकर हे रूढ शब्दच ठेवले आहेत. ‘जुळणी’ हा शब्दही थोडा फसवा आहे. जुन्या निर्वात नलिकांच्या ॲम्प्लिफायरला रोहित्राच्या द्वारे स्पीकरच्या संरोधाशी खरोखरच जुळवून घ्यावे लागे. (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध म्हणजे संरोध, तो ओहममध्ये मोजतात.) ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरमध्ये अशी समानता अभिप्रेत नसते. यंत्रावर लिहिलेल्या किमान संरोधाच्या खाली भार जाऊ नये, एवढाच तेथे जुळणीचा अर्थ आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, टिनाच्या पत्र्यांचे छप्पर असलेले एक सभागृह २० मीटर लांब, १० मीटर रुंद व सरासरी ४ मीटर उंच आहे. त्यात ८ ओहमचे चार स्पीकर बसवावयाचे आहेत. चारही स्पीकर समांतर जोडल्यास एकूण संरोध २ ओहम होईल आणि ४ ओहमसाठी बांधलेला ॲम्प्लिफायर अतिप्रवाहाने तापेल. दोन-दोन स्पीकर एकसर जोडून त्या दोन जोड्या समांतर ठेवल्यास संरोध पुन्हा ८ ओहम होतो आणि यंत्र सुरक्षित राहते. परंतु लांब तारेचा प्रश्न उरतोच. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेची ३० मीटर दूर नेलेली जोडी सुमारे १ ओहम रोध निर्माण करते. ४ ओहमच्या भारावर शक्तीचा पाचवा हिस्सा तारेतच खर्ची पडतो.

अशा ठिकाणी १०० व्होल्टची वाहिनी अधिक सोयीची ठरते. प्रत्येक स्पीकरला लहान रोहित्र असते व त्यावर ५, १० अशा वॅटच्या खुणा असतात. मग ओहमचे गणित सोडून केवळ वॅटची बेरीज करावी. १० वॅटचे चार स्पीकर म्हणजे ४० वॅट. ॲम्प्लिफायर ६० वॅटचा घेतला म्हणजे पुरेशी शिल्लक राहते. या योजनेत त्याच तारेतील हानी अर्ध्या टक्क्याहून कमी असते. मात्र १०० व्होल्टच्या टोकाला रोहित्राविना साधा ८ ओहमचा स्पीकर कधीही जोडू नये.

दहा वॅट थोडे वाटतील. पण १ वॅटला १ मीटरवर ९० डेसिबल देणारा स्पीकर ४ मीटरवर सुमारे ७८ डेसिबल देतो आणि बोलणे ऐकण्यास तेवढे पुष्कळ आहे. उरलेली शक्ती बोलण्यातील क्षणिक उंचवट्यांसाठी राखून ठेवावी. अधिक संवेदनक्षम स्पीकर घेणे हे मोठा ॲम्प्लिफायर घेण्यापेक्षा स्वस्त पडते, कारण संवेदनक्षमतेतील ३ डेसिबलची वाढ ही शक्ती दुप्पट करण्याइतकीच असते.

एवढे करूनही खोली आपले काम बिघडवू शकते. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून केलेल्या प्रयोगांतून निनादाचे सूत्र मिळाले : घनफळास ०.१६१ ने गुणून एकूण शोषणाने भागावे. आपल्या सभागृहाचे घनफळ ८०० घनमीटर आहे. रिकामेपणी शोषण ५० चौरस मीटर धरल्यास निनाद २.६ सेकंद टिकतो. शंभर माणसे बसली व त्यांनी ४५ चौरस मीटरची भर घातली तर तो १.४ सेकंदांवर येतो. बोलण्यासाठी सुमारे १ सेकंद इष्ट होय. निनाद लांबला की ‘सा’मधील स्वराची शेपटी पुढच्या क्षीण व्यंजनावर पसरते. अशा वेळी आवाज वाढवल्याने शेपटीही तेवढीच वाढते.

यावर उपाय साधे आहेत. व्यासपीठाच्या कोपऱ्यांत दोन प्रचंड स्पीकर ठेवण्याऐवजी दोन्ही भिंतींवर लहान स्पीकर लावून ते श्रोत्यांकडे झुकवावेत व आवाज बेताचा ठेवावा. सुमारे १५० हर्ट्झच्या खालचे स्वन कापावेत. त्याने बोलण्याची हानी फारशी होत नाही आणि गडगडाट कमी होतो. भिंतींवर जाड पडदे किंवा सतरंज्या टांगाव्यात.

शेवटी चाचणी. ‘हॅलो, हॅलो’ या उच्चारांनी व्यंजनांची परीक्षा होत नाही. मागच्या रांगेत एकाला कागद देऊन बसवावे आणि सात–साठ, पाट–पाठ, काल–काळ असे शब्द उलटसुलट क्रमाने म्हणून ते लिहून घ्यावेत. लिहिणारा मराठी मातृभाषेचा नसेल तर उत्तम. त्याचा कागद अचूक आला तरच जुळणी झाली असे मानावे.