जुनी आरएक्स-७ घेताना

जपानच्या माझदा कंपनीने १९७८ ते २००२ या काळात आरएक्स-७ ही स्पोर्ट्स कार बनवली. आता ती सेकंडहँडच मिळते. घेणारा रंग, गंज, टायर पाहतो. पण खरी मेख इंजिनात असते.

जर्मन अभियंता वांकेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या इंजिनात दट्ट्याच नसतो. मधोमध किंचित चेपलेल्या अंडाकृती पोकळीत फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर फिरतो. (पुठ्ठ्याचा तिकोन कापून वर्गात दाखवता येईल.) रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे होतात. फिरताना प्रत्येक कप्पा लहानमोठा होतो आणि इंधनमिश्रण आत घेणे, दाबणे, जाळणे व धूर बाहेर टाकणे ही चारही कामे उरकतो.

कप्पे वेगळे राखतात त्या रोटरच्या तीन टोकांवरच्या अरुंद पट्ट्या. त्या सतत भिंतीवर घासतात, म्हणून थोडे तेल मुद्दामच आत सोडलेले असते. तेव्हा गाडी तेल ‘खाते’ हा दोष नव्हे. तेल न भरणारा आधीचा मालक हा दोष!

पट्टी झिजली की दाब शेजारी निसटतो. एक पट्टी दोन कप्प्यांना सामाईक असते. ती बिघडली तर दोन कप्पे दुबळे होतात, तिसरा धडधाकट राहतो. नेहमीचा दाबमापक सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतो, म्हणजे नेमका त्या तिसऱ्याचाच! आपल्याला तिन्ही आकडे वेगवेगळे दाखवणारा मापक हवा, तोही इंजिन तापलेले असताना लावलेला. गाडीत रोटर दोन, म्हणून आकडे सहा. विक्रेत्याने एकच सांगितला, तर उरलेले पाच मागावेत.