भुरीची शंकरपाळी

आमच्या घरात दिवाळीच्या फराळाची सुरुवात भुरीपासून होते. वसुबारसेच्या आदल्या दिवशी ओट्यावर सगळ्यात आधी लाल भोपळ्याची फोड येते, मग कणीक, नाचणीचं पीठ आणि एक गाजर. चकलीची भाजणी, लाडवांचा रवा हे सगळं नंतर. भुरी आमची गावठी कुत्री, वजन जेमतेम दहा किलो. फराळात तिचा नंबर पहिला लागतो त्याला कारण आहे, आणि ते कारण म्हणजे बेदाणा.

भुरीच्या आधी आमच्याकडे बाळ्या होता. एका दिवाळीत आईने रव्याचे लाडू वळून परात खालीच ठेवली आणि ती दार उघडायला गेली. परत येईपर्यंत सहा-सात लाडू गायब. ‘खाल्ले तर खाल्ले, सणासुदीचं त्यालाही नको का?’ आई म्हणाली. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. रात्री बाळ्याला उलट्या सुरू झाल्या. सकाळी तो पाण्याच्या भांड्याशी नुसता बसून राहिला, शेपूटसुद्धा हलवेना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘लाडवात बेदाणे होते का?’ होते. प्रत्येक लाडवावर एक, आणि आतही. तीन दिवस सलाइन लावलं, पुन्हा पुन्हा रक्त तपासलं. बाळ्या वाचला, त्यानंतर चार वर्षं आमच्यासोबत राहिला. पण ते तीन दिवस मी विसरलेले नाही, म्हणूनच हे सगळं इतकं सविस्तर लिहिते आहे.

द्राक्षं आणि बेदाणे खाऊन कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सुरुवात बहुधा उलट्यांनी होते, आणि मूत्रपिंडांवरचा घाव पुढच्या एक ते तीन दिवसांत दिसू लागतो. दोष कशाचा हे कोडं फार वर्षं सुटत नव्हतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. त्याचं प्रमाण द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे बदलतं, त्यामुळे एका कुत्र्याला मूठभर खाऊन काही होत नाही आणि दुसऱ्याला थोडेसे बेदाणे भोवतात. ‘आमच्या कुत्र्याने खाल्ले होते, काही झालं नाही’ या अनुभवावर विसंबता येत नाही ते यामुळेच. हेच आम्ल आपल्या चिंचेत भरपूर असतं. चिंचगुळाच्या आमटीत कालवलेला भात कुत्र्यापुढे ठेवणाऱ्या घरांनी हे आवर्जून ध्यानात ठेवावं.

एकदा या नजरेने फराळाच्या ताटाकडे पाहिलं की धडकी भरते. चिवड्यात बेदाणे असतात, काही घरांत तळलेला कांदा आणि लसूणही. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मग तो कच्चा असो, तळलेला असो की वाळवून कुटलेला. चॉकलेटच्या बर्फीत थिओब्रोमीन असतं, ते कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं आणि हृदयावर ताण आणतं. तळणीच्या तुपातेलाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. घरात मधुमेही माणूस असेल आणि त्याच्यासाठी बिनसाखरेची मिठाई आणली असेल, तर डब्यावरचा मजकूर नीट वाचावा. त्यात झायलिटॉल असेल तर ते कुत्र्याच्या इन्सुलिनला असं उसळवतं की तासाभरात रक्तातली साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. असलं काही पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून घरी उलटी काढायच्या भानगडीत पडू नये. मीठही कुत्र्याला विषारी ठरू शकतं. काय खाल्लं, किती आणि केव्हा, एवढं सांगत तडक डॉक्टर गाठावा.

सणाला कुत्र्याचा घास काढायची आईची इच्छा मात्र खोटी नव्हती. ती आपल्याकडे फार जुनी आहे. जुन्या घरांत जेवणाआधी गाईचा, कुत्र्याचा, कावळ्याचा भाग बाजूला काढत. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार श्वान असतात. कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज तर आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहेत. आपण नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान करतो, त्याच सुमारास नेपाळात कुकुर तिहार असतो. तिथे पाळलेल्या आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांच्याही कपाळाला टिळा लावतात, गळ्यात झेंडूच्या माळा घालतात आणि त्यांना गोडधोड खाऊ घालतात.

आणि भाकरीवर पोसलेला कुत्रा ही नुसती गरिबीची सोय नव्हती. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक अ‍ॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना मांडली. पिष्ट पचवणारं विकर तयार करणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्याकडे दोनच प्रती असतात, तर त्यांनी तपासलेल्या कुत्र्यांमध्ये त्या 4 ते 30 निघाल्या. माणूस शेती करू लागला, त्याच्या उकिरड्याशी आणि चुलीशी राहणारा हा प्राणी धान्य पचवायला शिकला. लंडनमध्ये 1860 च्या सुमारास जेम्स स्प्रॅट या अमेरिकी माणसाने कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली, तेव्हा त्यातही मांसाबरोबर गहू आणि बीट होतंच. त्याच कंपनीत काम करून मोठा झालेला चार्ल्स क्रफ्ट पुढे 1891 मध्ये स्वतःच्या नावाने कुत्र्यांचं प्रदर्शन भरवू लागला. ‘क्रफ्ट्स’ आजही भरतं.

आता भुरीच्या शंकरपाळ्यांकडे वळू. पाव किलो लाल भोपळा साल काढून कुकरमध्ये कोरडाच शिजवते, म्हणजे फोडींच्या भांड्यात पाण्याचा थेंब घालत नाही. शिजला की चाळणीत निथळत ठेवून पळीने घोटते. वाटीभर लगदा होतो. त्यात एक गाजर बारीक किसणीवर किसून, एक मोठा चमचा तेल, 200 ग्रॅम कणीक आणि 100 ग्रॅम नाचणीचं पीठ. वरून पाणी नाही. मळताना पीठ आधी हाताला चिकटतं, तेव्हा पिठाचा डबा पुढे ओढण्याचा मोह होतो. तो आवरून गोळा अर्धा तास झाकून ठेवावा. नाचणी ओल शोषून घेते आणि गोळा आपोआप घट्ट होतो. मीठ, साखर, गूळ, सोडा, जायफळ यांतलं काहीच नाही. पहिल्या वर्षी आईला हे फार जड गेलं, तिचा हात सारखा मिठाकडे जाई. पण कुत्र्याच्या जिभेवर चव कळणाऱ्या कळ्या आपल्या मानाने फारच कमी असतात, त्याचं खरं जेवण नाकाने चालतं. भोपळा शिजायला लागला की भुरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसते, तिला मिठाची आठवण होत नाही.

भाजी शिजवून किंवा बारीक किसून घ्यायची ती उगीच नाही. कुत्र्याचा जबडा वरखाली चालतो, आपल्यासारखा आडवा फिरून दळत नाही. कच्च्या गाजराचा तुकडा तो मोडतो आणि गिळतो, आणि दुसऱ्या दिवशी तो तुकडा तसाच केशरी बाहेर पडलेला दिसतो. किसून भाजलेल्या गाजरातलं बीटा कॅरोटीन त्याच्या अंगी लागतं. कुत्र्याचं शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करू शकतं, मांजराचं नाही. हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळणारं, म्हणून ते चमचाभर तेल. भोपळ्याऐवजी रताळंही उत्तम. दुधी, फरसबी चालतात. पालक आणि बीट मी बेतानेच वापरते, कारण त्यांत ऑक्झलेट असतं, आणि मुतखडा झालेल्या कुत्र्याला तर ते नकोच. मक्याचे उकडलेले दाणे चालतील, पण कणसाचं बुरकूंड कधीही कुत्र्यापुढे टाकू नये. ते आतड्यात अडकलं तर शस्त्रक्रियेशिवाय सुटका नसते.

पोळी अर्धा सेंटिमीटर जाड लाटते आणि कातण्याने साधारण शंभर तुकडे पाडते. ओव्हन 170 अंशांवर, पंचवीस मिनिटं. मग तुकडे उलटून 110 अंशांवर आणखी तासभर, आणि ओव्हन बंद केल्यावर आतच गार होऊ देते. सगळी मेख या शेवटच्या तासात आहे. यात मोहन नाही, तेव्हा आपल्या शंकरपाळ्यासारखा खुसखुशीतपणा येणार नाही, हे तुकडे कडक व्हायला हवेत. गार झालेला तुकडा मोडला की ‘कट्’ आवाज आला पाहिजे. तुकडा वाकला, तर आत ओल राहिली आहे आणि ओल म्हणजे बुरशी. माझा पहिला डबा असाच गेला. वरून छान तपकिरी दिसत होते तुकडे, चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर कुबट वास. तो अख्खा डबा टाकला, कारण बुरशीचं विष तिचा पांढरा थर पुसून जात नाही. आता आठवड्यापुरते तुकडे बरणीत, बाकीचे फ्रीजरमध्ये. पावसाळ्यात सगळेच फ्रीजरमध्ये. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर अगदी मंद आचेवर, झाकण न ठेवता, उलटत-पालटत भाजावेत. वेळ लागतो, पण होतात.

किती द्यायचे याचा हिशोब प्रत्येकाने एकदा कागदावर मांडावा. वरच्या खाऊला दिवसाच्या कॅलरीतला दहावा हिस्सा, त्याहून जास्त नाही, असं पशुवैद्य सांगतात. भुरीच्या वजनाच्या, रोज फिरणाऱ्या कुत्र्याला दिवसाला सहाशेच्या आसपास कॅलरी पुरतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला साठ. वरच्या घटकांची बेरीज साधारण बाराशे होते, शंभर तुकड्यांत एकाला बारा. म्हणजे दिवसाला पाच. घरातल्या प्रत्येकाने लाडाने दोन-दोन दिले की ही मर्यादा दुपारपर्यंतच उलटते, म्हणून रोज सकाळी पाच तुकडे वेगळ्या वाटीत निघतात आणि ज्याला द्यायचे त्याने त्यातूनच द्यायचे. हा खाऊ आहे, जेवण नव्हे. याने कुत्र्याची प्रथिनांची गरज भागत नाही. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याला डॉक्टरांना विचारूनच द्यावा.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मात्र ती वाटी माझ्याजवळ असते. अंधार पडून फटाके वाजू लागले की भुरी पलंगाखाली शिरते, अगदी भिंतीला पाठ लावून. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं किंवा खाऊ दिला तर भीती वाढते, असं पूर्वी सांगत. ते खरं नाही. उलट, प्रत्येक आवाजापाठोपाठ लगेच आवडीचा घास मिळत गेला तर त्या आवाजाची धास्ती हळूहळू कमी होऊ शकते. मी खिडक्या लावते, पंखा मोठा करते आणि फरशीवर आडवी होते. लवंगी माळ वाजली, एक तुकडा. पहिली दोन वर्षं तिने त्याकडे पाहिलंही नाही, भेदरलेल्या कुत्र्याला अन्नच जात नाही. गेल्या वर्षी कोपऱ्यावर मोठा बाण फुटला, मी हात आत सरकवला, आणि बराच वेळ काही झालं नाही. मग तळव्यावर ओलं नाक लागलं आणि पलंगाखालून आवाज आला, कट्.