चांगला टायर, पण कशासाठी चांगला?

आजचा विषय वाचून काही जणांना गंमत वाटली असेल. हयातभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या म्हाताऱ्यांनी टायरवर काय बोलावं? पण या विषयावर बोला अशी मागणी तुमच्यातल्याच तरुण श्रोत्यांची आहे. गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी इकडची मुलं आता ताकदीच्या मोटारसायकली आणि गाड्या घेतात. मोबाइलवर ट्रॅकच्या शर्यती बघतात, आणि मग विचारतात, ‘सर, रेसवाले वापरतात ते टायर आपल्या गाडीला लावले तर जास्त चांगलं नाही का?’ या प्रश्नातला ‘चांगलं’ हा शब्द आमच्या धंद्यातला आहे. म्हणून बोलायला बसलो.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्राची मांडणी करताना एक साधी गोष्ट सांगितली. कोणत्याही वस्तूचा चांगुलपणा तिच्या कामावरून ठरतो. डोळ्याचं काम बघणं, म्हणून चांगला डोळा म्हणजे चांगलं बघणारा. काम कोणतं ते ठरवल्याशिवाय ‘चांगलं’ या शब्दाला अर्थच येत नाही. आपल्याकडे अधिकारभेद म्हणतात, त्याचाही रोख असाच आहे. एकाला जे योग्य, तेच दुसऱ्याला योग्य असेल असं नाही.

आपल्या झाडीपट्टीतल्या माणसाला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. शंकरपट आपण सगळ्यांनी पाहिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला, आणि पट आता रीतसर भरतात. आता सांगा, पटाची जोडी कोणी चिखलणीला जुंपतो का? आणि बांधीत राबणारी जोडी पटात उतरवून बक्षिसाची आशा करतो का? पटाच्या जोडीचा खुराक वेगळा, सराव वेगळा, मागचा छकडाही हलका. ती जोडी काही क्षणांसाठी जिवाच्या आकांताने धावते. शेतीची जोडी दिवसभर, चिखलात आणि उन्हात, एकसारखी चालते. दोन्ही जोड्या उत्तम, पण त्यांची कामं वेगळी. टायरचं अगदी असंच आहे.

आता जरा खोलात जाऊ. जुन्या बंडीच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टी चढवत, तिला आपण ‘धाव’ म्हणतो. धावेचं काम एवढंच की चाक झिजू नये आणि उकलू नये. रस्ता धरून ठेवणं तिला जमत नाही. बंडीच्या वेगाला त्याची गरजही नव्हती. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत शोधली. जॉन डनलॉपने १८८८ मध्ये हवा भरलेला टायर व्यवहारात आणला. तेव्हापासून चाकाला रस्ता ‘धरता’ येऊ लागला.

रबर रस्ता कसा धरतं? दोन प्रकारे. एक, ते रस्त्याच्या पृष्ठभागाला अगदी सूक्ष्म पातळीवर चिकटतं. दोन, खडीच्या बारीक उंचसखल भागांवर ते दबतं, त्यांच्याभोवती बसतं आणि सावकाश मूळ आकारात येतं. या दबण्या-सुटण्यात ऊर्जा खर्च होते, तिची उष्णता होते, आणि त्यातूनच पकड मिळते. म्हणजे पकड आणि उष्णता या जुळ्या बहिणी आहेत. आणि हे सगळं घडतं केवढ्या जागेत? एका टायरचा जमिनीला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढा असतो. आख्खी गाडी आणि आतलं आख्खं कुटुंब चार तळहातांवर उभं असतं. मोटारसायकलला तर दोनच, आणि तेही लहान.

ट्रॅकच्या टायरचं रबर मऊ आणि चिकट असतं, पण ते तापल्यावरच खरं काम करतं. अस्सल शर्यतीचे टायर ८०, ९०, १०० अंश सेल्सिअसच्या आसपास रंगात येतात. म्हणून शर्यतीच्या मोटारसायकलींच्या टायरांना सुरू होण्याआधी विजेवर तापणारी ब्लँकेटं गुंडाळतात. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची शर्यत झाली, तेव्हा टीव्हीवर तुम्ही ती पाहिली असतील. असा टायर थंड असताना रस्ता नीट धरत नाही. आता डिसेंबरातल्या पहाटे, धुक्यात, गोंदियाहून कामावर निघालेल्या माणसाला पहिल्याच चौकात ब्रेक लावावा लागतो. त्याचा टायर तापणार कधी? रस्त्याचा टायर मात्र पहिल्या मीटरपासून काम करेल असाच बनवलेला असतो.

दुसरा फरक खाचांचा. कोरड्या ट्रॅकवरचा शर्यतीचा टायर गुळगुळीत असतो, त्याला स्लिक म्हणतात. जितकं जास्त रबर टेकेल तितकी पकड जास्त, हा त्यामागचा हिशेब. मग रस्त्याच्या टायरला खाचा कशाला? पाण्यासाठी. टायर पुढे सरकताना समोरचं पाणी कुठेतरी जायला हवं. खाचा नसतील, किंवा झिजल्या असतील, तर वेगात टायरखाली पाण्याचा थर शिरतो आणि गाडी पाण्यावर तरंगते. मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही. शर्यतीतसुद्धा पाऊस आला की स्लिक उतरवून खाचांचे टायर चढवतात. त्यांच्याकडे ते बदलायला माणसं उभी असतात. आपल्याकडे देवरीच्या पुढे जंगलात सर आली तर कोण उभं असतं?

आणि आपला पाऊस नुसतं पाणी आणत नाही. रोवणीच्या दिवसांत केजव्हील लावलेले ट्रॅक्टर बांधीतून थेट डांबरी रस्त्यावर येतात आणि चिखलाचे पट्टे सोडून जातात. त्यावर भुरभुर पाऊस पडला की रस्ता तेल ओतल्यासारखा होतो. तिथे कमी खाचांचा, झटपट वळणारा ‘स्पोर्ट’ टायर पटाच्या बैलासारखाच घसरतो.

उलट बाजूही बघा, नाहीतर आमचा निवाडा एकतर्फी होईल. रस्त्याचा टायर ट्रॅकवर नेला तर काय होतं? त्याच्या खाचांमधले रबराचे ठोकळे उंच असतात. जोरात वळताना ते वाकतात, घासतात आणि तापतात. काही फेऱ्यांतच रबर तेलकट झाल्यासारखं होतं, पकड सुटते, आणि फार ताणलं तर रबराचे तुकडे उडतात. म्हणून ट्रॅकच्या टायरची खाच मुळातच उथळ ठेवलेली असते. आपली मुलं हौसेने ट्रॅकवर जाणार असतील, मग ते चेन्नईजवळचं श्रीपेरुंबुदूर असो, कोइम्बतूरचं कारी स्पीडवे असो, नाहीतर ग्रेटर नोएडा, तर त्यांनी हे लक्षात ठेवावं. गोंदियाहून ही ठिकाणं सुमारे हजार किलोमीटर किंवा त्याहून दूर आहेत. ट्रॅकचेच टायर लावून एवढा प्रवास केला, तर मऊ रबर वाटेतच झिजेल आणि वाटेतला पाऊस जिवावर बेतेल. दोन मार्ग शहाणपणाचे. रस्त्यावर चालणारा, कायदेशीर, मधल्या जातीचा उत्तम टायर घ्यावा आणि ट्रॅकवर थोड्या थोड्या फेऱ्या मारून तो निवू द्यावा. नाहीतर ट्रॅकचे टायर वेगळे न्यावेत आणि तिथे चढवावेत. तरुणांना शर्यतीची खरी ओढ असेल तर कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीसारखे कार्टिंगचे ट्रॅक महाराष्ट्रातही आहेत. सुरुवात तिथून केलेली बरी.

आता दुकानात गेल्यावर काय वाचायचं? टायरच्या कडेला सगळी कुंडली लिहिलेली असते. समजा २०५/५५ आर १६ ९१ व्ही असं आहे. २०५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ५५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १६ हा रिमचा व्यास, इंचात. ९१ हा भाराचा अंक, म्हणजे एका टायरवर ६१५ किलो. शेवटचं अक्षर वेगमर्यादेचं: टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०. हे अक्षर टायर किती वेगाची उष्णता सोसेल ते सांगतं, पकड किती ते सांगत नाही. दुकानदार ‘डब्ल्यूवाला घ्या, पकड चांगली’ म्हणाला तर हसून सोडून द्या. मात्र गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या भारापेक्षा आणि वेगापेक्षा खालचा टायर घेऊ नका.

परदेशी बाजारासाठीही विकल्या जाणाऱ्या टायरवर ‘ट्रेडवेअर’ असा आकडा असतो. ४०० असेल तर रबर टिकाऊ, २०० असेल तर मऊ आणि पकडीचं, १०० किंवा खाली असेल तर जवळजवळ ट्रॅकचंच. पण हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच्या चाचणीवरून देते. त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावरून काटेकोरपणे होत नाही. आणखी एक चार आकडी खूण असते. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. ‘नवा’ म्हणून विकलेला टायर किती वर्षं गोदामात पडून होता, ते इथे कळतं. रबर न वापरताही कडक होतं.

यानंतर हवेचा प्रश्न. आपल्याकडे एक समज पक्का आहे की उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, म्हणजे टायर फुटत नाही. हे उलटं आहे, आणि धोक्याचं आहे. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते. जास्त वाकली की जास्त तापते. तास-दीड तास वेगात चाललं की आतला सांगाडाच सुटतो. ट्रॅकवरचे लोक हवा कमी करून सुरुवात करतात हे खरं. पण ते काही फेऱ्यांनी थांबतात, तापलेल्या टायरची हवा मोजतात आणि पुन्हा ठरवतात. तापमान साधारण ५-६ अंशांनी वाढलं की दाब सुमारे १ पीएसआय वाढतो. पहाटे १५ अंशांत ३२ भरलेली हवा दुपारच्या ४५ अंशांत आपोआप ३७ च्या जवळ जाते. टायर बनवताना हे गृहीत धरलेलं असतं. म्हणून हवा सकाळी, गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे भरावी. वाढलेली बघून दुपारी सोडू नये.

समृद्धी महामार्गाचा विषय इथेच येतो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, बहुतेक सिमेंट काँक्रीटचा, हलक्या गाड्यांना सपाट भागात ताशी १२० ची मर्यादा. पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. गावातल्या ताशी ४० च्या रस्त्यावर झिजलेला टायर वर्षभर काही बोलत नाही. तोच टायर इथे वैशाखाच्या दुपारी, न थांबता, पूर्ण भरलेल्या गाडीखाली तीन तास पळाला की बोलतो, आणि एकदाच बोलतो. कायद्याने मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. आमचं मत, पावसाळ्याआधी ३ मिलिमीटरवरच निर्णय घ्यावा.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा. ट्रॅक आणि रस्ता यांत रबरापेक्षाही खोल फरक आहे, तो संमतीचा. ट्रॅकवर उतरणारा प्रत्येक जण धोका समजून उतरतो. हेल्मेट असतं, बाजूला मोकळी जागा असते, झेंडे दाखवणारी माणसं असतात, रुग्णवाहिका उभी असते. समोरून कोणी येत नाही. रस्त्यावर सायकलवरून शाळेत निघालेल्या मुलीने तुमच्या शर्यतीला संमती दिलेली नाही. धानाची पोती घेऊन बंडी हाकणाऱ्याने दिलेली नाही. जास्त पकडीचा टायर लावला की मन म्हणतं, आता वळण जरा जोरात घेता येईल. म्हणजे वाढलेली सुरक्षा आपण वेगात खर्चून टाकतो. हिशेब पुन्हा शून्यावर येतो, आणि चुकला तर किंमत भलताच माणूस मोजतो.

चिठ्ठीवर एक प्रश्न आला आहे: ‘मग रस्त्यासाठी महागडा टायर घेणं व्यर्थ आहे का?’ नाही. ओल्या रस्त्यावर लवकर थांबणाऱ्या टायरला दोन पैसे जास्त मोजणं हा उत्तम खर्च आहे. आपल्या देशात ऑक्टोबर २०२२ पासून नव्या आराखड्याच्या टायरांना ओल्या रस्त्यावरच्या पकडीची कसोटी लागू झाली, ती उगीच नाही. पैसे खर्च करा, पण थांबण्यासाठी करा.

दुसरी चिठ्ठी एका वडिलांची दिसते: ‘मुलगा हट्ट करतो, काय सांगू?’ नाही म्हणू नका. त्याला विचारा, वर्षातले किती दिवस ट्रॅकवर आणि किती दिवस रस्त्यावर? उत्तर तोच देईल. मग टायर रस्त्याचे घ्या, आणि उरलेल्या पैशांतून त्याला एकदा खऱ्या ट्रॅकवर, शिकवणाऱ्या माणसाच्या हाताखाली पाठवा.

पुढच्या व्याख्यानात ब्रेकचा विषय घेऊ.