छायागृहांतील रोपें व त्यांवरील किडी

पीक शेतांत वाढतें खरें, परंतु त्याचें नशीब पुष्कळदां रोपवाटिकेंतच ठरून गेलेलें असतें. टोमॅटोचें रोप २५ ते ३० दिवस व मिरचीचें रोप ३५ ते ४५ दिवस आपल्या हाताखालीं असतें. तेवढ्या अवधींत त्यास जी बाधा होते ती पुढें पीक निघेपर्यंत त्याचा पिच्छा सोडीत नाहीं. हल्लीं हीं रोपें उघड्या गादीवाफ्यावर न करतां छायागृहांत, म्हणजे ज्यास आपण शेडनेट म्हणतों त्यांत, कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्यें करण्याचा प्रघात पडला आहे. प्रघात चांगला आहे. परंतु जाळीच्या आंत आलें म्हणजे रोप किडींपासून निर्भय झालें, असा जो समज आमच्या शेतकरी बंधूंत पसरला आहे तो घातक आहे. तो समज आम्हीं स्वतः बाळगिला होता, आणि त्याचें फळ दुसऱ्यास भोगावें लागलें. म्हणून हा लेख.

कांहीं वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या अखेरीस आम्हीं टोमॅटोचीं रोपें केलीं. रोपें जोमदार होतीं. त्याच सुमारास पाहुण्यांकडून आलेले वांग्याच्या रोपांचे चार ट्रे, बाहेर ऊन फार म्हणून, आम्हीं त्याच जाळीखालीं आणून ठेविले. वांग्याचें पान उलटून पाहण्याची बुद्धि आम्हांस झाली नाहीं. आठवड्यानें ट्रेवरून हात फिरवितांच पांढरी धूळ उडाल्यासारखी दिसली व पुन्हां खालीं बसली. आम्हीं एक औषध फवारिलें, माशी दिसेनाशी झाली, आणि आम्ही निश्चिंत झालों. पुढें ९८ कप्प्यांचे ७० ट्रे, म्हणजे सुमारें एका एकराचीं रोपें, आमच्या एका शेजाऱ्यांनीं नेलीं. लावणीनंतर तिसऱ्या आठवड्यांत त्यांच्या शेतांतील शेंडे आखडले, पानें बारीक व पिवळसर होऊन वाटीसारखीं वळलीं, आणि फूल गळूं लागलें. हंगाम गेला. ते आम्हांस एका शब्दानेंही बोलले नाहींत. बोलले असते तर बरें वाटलें असतें.

काय घडलें होतें तें आतां सांगतों. पांढरी माशी सुमारें १ मिलिमीटर लांबीची. ती पानाच्या खालच्या अंगास बसते, तेथेंच अंडीं घालते, आणि अंड्यांतून निघालेलीं पिल्लें थोडी जागा शोधून एकदां चिकटलीं कीं हालत नाहींत. उष्ण दिवसांत सुमारें तीन आठवड्यांत त्यांच्या माशा होतात. आमच्या औषधानें उडत्या माशा मेल्या. अंडीं व चिकटलेलीं पिल्लें पानाआड तशींच राहिलीं. याहून वाईट गोष्ट ही कीं, रोगट झाडाचा रस शोषिलेली माशी पर्णगुच्छ रोगाचा विषाणु अंगांत घेऊन फिरते आणि निरोगी रोपाचा रस शोषितांना तो त्यांत सोडते. एकदां विषाणु रोपांत शिरला म्हणजे तो बाहेर काढणारें औषध नाहीं. लक्षणें दिसावयास दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून ट्रेमधील हिरवें, टवटवीत रोप आंतून रोगी असूं शकतें. मिरचीवरील चुरडा-मुरडा रोगही पांढऱ्या माशीमार्फत असाच पसरतो.

मग जाळीचा उपयोग काय? उपयोग आहे, परंतु जाळी दुधारी आहे. उघड्यावर पाऊस किडी धुऊन टाकितो, वारा उडवितो, आणि ढालकिडे व इतर मित्रकीटक त्यांस खातात. छायागृहांत यांपैकीं कांहीं नसतें. असते ती ऊब, ओल आणि दाटीनें उभें असलेलें कोवळें खाद्य. याकरितां एक किडी आंत शिरली तर ती उघड्यापेक्षां लौकर फैलावते. साधी हिरवी छायाजाळी ऊन अडविते, किडी अडवीत नाहीं. त्यासाठीं बाजूंस ४० ते ५० मेशची कीटकरोधक जाळी लागते. तीही फुलकिड्यांस पुरती अडवूं शकत नाहीं, कारण ते फार बारीक असतात.

औषधाच्या डब्याकडे हात नेण्यापूर्वीं शत्रु ओळखावा. पानें कडेनें वरच्या अंगास नावेसारखीं वळलीं व खालच्या बाजूस रुपेरी चट्टे दिसले तर फुलकिडे समजावे. पानें खालच्या अंगास, पालथ्या नावेसारखीं वळलीं तर बहुधा कोळी. कोळी हा आठ पायांचा, कीटकांच्या जातींतलाच नव्हे. त्याजवर पुष्कळशीं कीटकनाशकें वायां जातात व गंधक लागू पडतें. चिकट पानें, मुंग्यांची ये-जा व शेंड्यांवर दाटी असेल तर मावा. त्याची मादी नराविना थेट पिल्लें घालते, म्हणून त्याची वाढ झपाट्याची. रोपें कारणाविना सुकत असून ट्रेवर बारीक काळ्या माशा घुटमळत असतील तर दोष मुळाशीं आहे: काळ्या डोक्याच्या पांढुरक्या अळ्या ओल्या कोकोपीटमध्यें बुरशी व कोंवळीं मुळें खात असतात. कच्च्या बटाट्याची चकती ट्रेवर ठेवून दोन-तीन दिवसांनीं उलटावी. अळ्या असतील तर तिच्याखालीं गोळा झालेल्या दिसतात. त्यांवर उत्तम उपाय पाण्याचा हात आंखडणें हाच. वरचा थर सुकूं दिल्याविना पुन्हां पाणी देऊं नये.

फुलकिड्यांविषयीं विशेष सावधगिरी हवी. परदेशांतून आलेली त्यांची एक जात २०१५ सालीं बंगळूरकडे पपईवर आढळली, आणि २०२१ सालीं तिनें आंध्र व तेलंगण प्रांतांतील मिरचीचे मळेच्या मळे उजाड केले. फुलकिडे अंडीं पानाच्या आंत घालतात व त्यांची कोशावस्था बहुधा मातींत जाते. म्हणून वरवर केलेली एक फवारणी त्यांस पुरी पडत नाहीं.

आतां उपाय. पहिला उपाय दाराशीं. दारें दोन असावीं व पहिलें लागल्याविना दुसरें उघडूं नये. फाटकी शिवण त्याच दिवशीं शिवावी. पिवळीं वस्त्रें नेसून आंत जाऊं नये. पांढरी माशी, मावा व फुलकिडे त्या रंगाकडे धांवतात आणि कपड्यावर बसून आंत येतात. बाहेरचें रोप, मग तें कितीही जिव्हाळ्याच्या माणसानें दिलेलें असो, आंत घेऊं नये. छायागृहाभोंवतीं दोन-तीन मीटर पट्टा तणरहित ठेवावा. जुन्या टोमॅटो-मिरचीच्या मळ्यालगत रोपवाटिका करूं नये.

दुसरा उपाय डोळ्याचा. माशी व माव्यासाठीं पिवळे आणि फुलकिड्यांसाठीं निळे चिकट सापळे रोपांच्या शेंड्यांच्या उंचीवर टांगावे. सापळा सगळी किडी मारील ही आशा करूं नये. तो आपला पहारेकरी आहे. रोज सकाळीं तो पाहावा, आणि निरनिराळ्या ट्रेमधील रोपांचीं पानें उलटून भिंगानें तपासावीं. बाधित रोपें पिशवींत बंद करूनच बाहेर न्यावीं व जाळावीं.

औषध तिसरें. किडी थोडी असतांनाच ५ टक्के निंबोळी अर्क द्यावा: अर्धा किलो निंबोळीची पूड रात्रभर पाण्यांत भिजवून, फडक्यानें गाळून, १० लिटर पाणी करावें व त्यांत २० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा. कोंवळें रोप भाजूं नये म्हणून आधीं दोन-चार रोपांवर पाहावें. फवारा सायंकाळीं व पानाच्या खालून मारावा. हा अर्क किडी तात्काळ पाडीत नाहीं, परंतु तिचें खाणें व कात टाकणें थांबवितो. विषारी औषध लागलेंच तर त्या पिकासाठीं व त्या किडीसाठीं शिफारस असलेलेंच, लेबलावरील प्रमाणांत वापरावें, आणि पुढच्या वेळीं निराळ्या गटांतील घ्यावें. एकच औषध वारंवार मारल्यानें किडी त्यास दाद देईनाशी होते.

मित्रकीटकांचें बळ किती, याचा एक दाखला पाहा. १९२६ सालीं इंग्लंडांत एका टोमॅटो-बागायतदारास कांचगृहांतील पांढऱ्या माशीचीं कांहीं पिल्लें काळीं पडलेलीं दिसलीं. त्यानें तीं फेकून न देतां दाखविलीं. चेशंट येथील संशोधन केंद्रानें ओळखलें कीं, हें एन्कार्सिया नांवाच्या सूक्ष्म गांधीलमाशीचें काम आहे. ती माशीच्या पिल्लांत आपलें अंडें घालते. पुढें त्या केंद्रानें हा कीटक वाढवून शेंकडों बागायतदारांस पुरविला. डीडीटी आल्यावर ती पद्धति मागें पडली, आणि औषधें निष्प्रभ होऊं लागल्यावर पुन्हां वर आली. एका शेतकऱ्यानें पान निरखून पाहिलें, त्यांतून हें सारें उपजलें.

हंगाम संपतांच छायागृह दोन आठवडे पूर्ण रिकामें ठेवावें, तण काढावें, ट्रे धुऊन निर्जंतुक करावे. खाद्य नसलें म्हणजे आंत राहिलेली किडी उपाशीं मरते.

शेवटीं, जे बंधु दुसऱ्यासाठीं रोपें करितात त्यांस एक विनंति. रोपें देण्यापूर्वीं घेणाऱ्याच्या हातीं भिंग द्यावें व पानें उलटून दाखवावीं. शंका असेल तर ट्रे देऊं नयेत, मग पैसे बुडाले तरी चालतील. घेणाऱ्यानेंही संकोच करूं नये. आमच्या शेजाऱ्यांनीं पुढच्या सालीं रोपें आमच्याकडूनच नेलीं. मात्र या खेपेस प्रत्येक ट्रे आम्हीं त्यांच्यासमोर तपासला.